गावाची राखण : कोणी, कशी आणि कोणासाठी?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार असून, दर पाच माणसांपैकी चार माणसे खेड्यांत, वस्त्यांवर आणि तांड्यांवर राहतात. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठ तालुक्यांतील बहुसंख्य गावांत पोलीस ठाणे नाही. ठाणे असते ते तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या गावी. त्यामुळे रात्री आग लागली, चोर शिरला, कोणाला सर्पदंश झाला किंवा नदीचे पाणी चढू लागले, तर पहिल्या अर्ध्या तासात तेथे फौजदार नसतो आणि तहसीलदारही नसतो. असतात ते शेजारी.

परंतु शेजाऱ्यांच्या हाती सर्व काही नसते. धरणातून किती पाणी सुटणार हे त्यांना आपोआप कळत नाही. गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार त्यांना नाही. रस्त्याला कठडा बांधण्याचा निधी त्यांच्याजवळ नाही. म्हणजे गाव सुरक्षित व्हावयाचे तर गावकऱ्यांनी करावयाचे काम गावकऱ्यांनी आणि शासनाने करावयाचे काम शासनाने केले पाहिजे, आणि दोघांमध्ये सतत बोलणे चालू राहिले पाहिजे. या सहकार्यासाठी आज कोणती साधने उपलब्ध आहेत, ती कशी चालतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वेसकराचा पहारा

गावाची राखण ही कल्पना नवी नाही. नवे आहे ते राखण कोणी करावयाची याचे उत्तर. जुन्या गावगाड्यात वेशीवरचा पहारा हे वेसकराचे, म्हणजे महाराचे, वंशपरंपरागत काम होते. आल्यागेल्याची खबर ठेवणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, सरकारी निरोप व टपाल पोहोचविणे, गावशिवाच्या तंट्यात साक्ष देणे, मृत्यूची वार्ता परगावी नेणे, ही सारी कामे त्याच्याकडे होती. संपूर्ण गावाची राखण ज्याच्यावर सोपविलेली होती, त्याचे घर मात्र वेशीबाहेर होते. गावाच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नव्हते. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन, बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर एवढेच त्याच्या वाट्याला येई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या वेठीच्या विरोधात होते. पुढे मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पदही संपुष्टात आले. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने पोलीस पाटील हे पद नव्या पायावर उभे केले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. गावाच्या सुरक्षेची कोणतीही योजना आखताना दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. राखणीचा भार सर्वांवर सारखा आहे काय? आणि राखणीचा लाभ सर्वांना सारखा मिळतो काय? जुन्या व्यवस्थेत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे होते. नव्या व्यवस्थेची कसोटी याच दोन प्रश्नांवर लावावी लागते.

पोलीस पाटील आणि ग्रामसभा

आजचा पोलीस पाटील वारसाहक्काने नेमला जात नाही. उपविभागीय अधिकारी अर्ज मागवून, लेखी व तोंडी परीक्षा घेऊन त्याची नेमणूक करतात आणि भरतीला आरक्षणाचे नियम लागू असतात. त्यामुळे ज्या समाजांना एकेकाळी चावडीसमोर उभे राहावे लागे, त्या समाजांतील तरुण आणि महिला आज या पदावर येऊ शकतात. गावातील गुन्ह्यांची व सार्वजनिक आरोग्याची स्थिती दंडाधिकाऱ्यांना कळविणे, पोलिसांना तपासात साहाय्य करणे, शांतताभंगाची शक्यता दिसताच ठाण्यास खबर देणे आणि गुन्हा घडू नये म्हणून प्रयत्न करणे, ही त्याची मुख्य कर्तव्ये होत. ठाण्याच्या हद्दीचे बीट पाडलेले असतात व प्रत्येक बीटसाठी एक अंमलदार असतो. गाव आणि ठाणे यांच्यातील दुवा म्हणजे हा बीट अंमलदार व पोलीस पाटील यांची जोडी. आपल्या गावचा बीट अंमलदार कोण, हे गावातील किती जणांना ठाऊक असते, असा प्रश्न विचारला तर बहुधा निराशा पदरी येईल. सुरक्षेचा आरंभ या साध्या माहितीपासून होतो.

दुसरे साधन ग्रामपंचायतीचे. गावातील रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, गावाची व पिकांची राखण करणे, आग लागल्यास जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणास साहाय्य करणे, ही कामे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीतच नमूद आहेत. म्हणजे वस्तीतील खांबावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद असेल, तर तो लावून मागणे हा नागरिकाचा रास्त आग्रह आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार उपस्थित असावे लागतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. अंधारी वाट, पाणवठ्यावरची छेडछाड, शाळेच्या रस्त्यावरचा दारूचा अड्डा हे विषय पुरुषांनी भरलेल्या सभेत सहसा निघत नाहीत. महिला सभेत ते निघतात आणि ठरावाच्या रूपाने मुख्य सभेपुढे जातात. तोंडी तक्रार विसरली जाते. ठरावाची नोंद इतिवृत्तात राहते आणि तिची प्रत ठाण्याला, पंचायत समितीला व तहसील कार्यालयाला पाठविता येते.

तंटा वाढण्यापूर्वी

गावातील अनेक मारामाऱ्यांचे मूळ शोधू गेल्यास ते बांधावर सापडते. हातभर सरकलेला बांध, अडविलेला पाणंद रस्ता, सामाईक विहिरीतील पाण्याची पाळी, भावाभावांतील वाटणी, अशा कारणांवरून सुरू झालेली धुसफूस वर्षानुवर्षे साठत जाते आणि एखाद्या पेरणीच्या दिवशी कुऱ्हाड उचलली जाते. हे ओळखून राज्याच्या गृह विभागाने, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने, १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली.

मोहिमेची रचना सोपी होती. ग्रामसभेने समिती निवडावयाची, पोलीस पाटलाने निमंत्रक म्हणून काम पाहावयाचे, गावातील दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची यादी करून नोंदवही ठेवावयाची आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने तडजोड घडवून आणावयाची. नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून उत्सव शांततेने पार पाडणे, अवैध दारू व जुगार यांना आळा घालणे, अशी प्रतिबंधक कामेही समितीकडे होती. यशस्वी गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात १ लाख ते १० लाख रुपयांचे पारितोषिक ठेवण्यात आले. तलाठी, ग्रामसेवक, भूमी अभिलेख कार्यालय व पोलीस ही सारी खाती एका तंट्यासाठी एकत्र बसू शकतात, हे या मोहिमेने गावांना दाखवून दिले.

परंतु येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. कायद्याने ज्या गुन्ह्यांत तडजोड करता येते, त्यांतच समितीने मध्यस्थी करावी. बलात्कार, खून, बालकांवरील लैंगिक अत्याचार, तसेच अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील गुन्हे ‘गावातच मिटवून टाका’ म्हणण्याचे नाहीत. पुरस्कारासाठी किंवा गावाच्या नावासाठी पीडिताला गप्प बसविले, तर नोंदवहीत तंटा मिटतो आणि वस्तीत भीती मुक्कामाला येते. दबावाखाली झालेल्या समेटाने गावाची नोंदवही स्वच्छ होत असेल, गाव सुरक्षित होत नाही.

रात्रीची गस्त आणि अफवेचा धोका

रात्रीच्या पहाऱ्यासाठी ग्रामसुरक्षा दल हे साधन आहे. पोलीस कायद्यातच अशा स्वयंसेवी दलांची तरतूद असून, ती पोलीस अधीक्षकांच्या अधिकाराखाली स्थापन होतात. ठाण्याकडे नावे नोंदविलेले तरुण पाळीपाळीने गस्त घालतात. शिट्टी, काठी, विजेरी आणि ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक एवढी त्यांची सामग्री. राज्यातील अनेक जिल्ह्यांत आता ग्रामसुरक्षा यंत्रणाही वापरात आहे. संकटग्रस्ताने ठरावीक निःशुल्क क्रमांकावर आपल्या आवाजात निरोप नोंदविला की तो परिसरातील नोंदणीकृत भ्रमणध्वनींवर एकाच वेळी फोन होऊन पोहोचतो. चोरी, आग, हरवलेले मूल, बिबट्याचा वावर अशा प्रसंगी सारे गाव काही क्षणांत जागे होते.

जागे झालेले गाव मात्र शुद्धीवर असले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार केले. ती माणसे पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी होती. त्यांना मारणारे लोकही ‘आपण गाव वाचवीत आहोत’ अशाच समजुतीत होते. २०२४ साली रात्री ड्रोन उडत असल्याच्या चर्चेने मराठवाड्यातील अनेक गावे धास्तावली आणि लोक रात्र रात्र जागू लागले. तेव्हा अफवांवर विश्वास ठेवू नका, संशय आल्यास ठाण्याला कळवा, असे आवाहन पोलिसांना करावे लागले. अशा काळात गावात आलेला फिरस्ता, भंगारवाला, बहुरूपी किंवा वाट चुकलेला मनोरुग्ण हा जमावाच्या हाती लागण्याचा धोका फार मोठा असतो.

म्हणून दलातील प्रत्येकाला कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्या व्यक्तीला सामान्य नागरिक पकडू शकतो. परंतु विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, तिला पोलिसांच्या हवाली करणे बंधनकारक आहे. तसेच पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येला भारतीय न्याय संहितेत मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. संशयिताला बसवून ठेवणे, पाणी देणे, त्याचे नाव-गाव विचारणे आणि ११२ क्रमांकावर फोन करणे, येथे गावकऱ्याचे काम संपते. झडती, चौकशी आणि शिक्षा ही त्याची कामे नव्हेत.

विहीर, नदी आणि आकाश

सुरक्षा म्हणजे केवळ चोरांपासून संरक्षण नव्हे. १८ जुलै २०२४ रोजी, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप जालना–राजूर मार्गावर रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली आणि सात जणांचे प्राण गेले. जालना जिल्ह्यात अशा विहिरी ठिकठिकाणी आहेत. शेती विहिरीवर अवलंबून, रस्ते पुढे रुंद झालेले, आणि एकेकाळी शेताच्या मध्यावर असलेली विहीर आता डांबराच्या कडेला आलेली. कोणत्या वळणावर कोणती विहीर उघडी आहे, हे गावकऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. गट क्रमांकासह अशा विहिरींची यादी करणे, मालकास कठडा बांधण्यास सांगणे, ग्रामसभेत ठराव करून रस्ता ज्या विभागाकडे असेल त्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वा जिल्हा परिषदेकडे संरक्षक कठडा व सूचनाफलकाची मागणी करणे, आणि तोपर्यंत पांढरा रंग दिलेले दगड किंवा पिंप कडेला उभे करणे, एवढे काम एखादे गाव महिन्याभरात करू शकते.

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांच्या वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा नाथसागर भरला की दरवाजे उघडावे लागतात. विसर्गाची सूचना पाटबंधारे विभागाकडून जिल्हा प्रशासनाकडे, तेथून तहसील कार्यालयाकडे व पुढे तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीकडे येते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७ या क्रमांकावर मिळतो. पण या साखळीची शेवटची कडी गावानेच जोडावयाची असते. ध्वनिक्षेपकावरची सूचना नदीकाठच्या आखाड्यावर ऐकू जाते काय? अंथरुणाला खिळलेली म्हातारी कोणत्या घरात आहे? गुरे कोणत्या उंचवट्यावर न्यावयाची? गर्भवती स्त्रीला कोणत्या वाटेने दवाखान्यात पोहोचवावयाचे? ही उत्तरे उन्हाळ्यातच कागदावर उतरवून ठेवली, तर पावसाळ्यात जीव वाचतात.

वीज पडून दरवर्षी शेतकरी व शेतमजूर दगावतात, तेही बहुधा झाडाखाली आसरा घेतल्याने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. प्रत्येक मजुराजवळ असा भ्रमणध्वनी नसतो. ज्याच्याजवळ आहे त्याने शेजारच्या शेताला हाक मारावी, एवढी शिस्त गावाने लावून घेतली पाहिजे.

बंद घरे आणि मागे राहिलेली माणसे

दिवाळीनंतर या जिल्ह्यातील अनेक वस्त्या व तांडे रिकामे होतात. ऊसतोडीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे राहतात ती कुलूप लावलेली घरे, म्हातारी माणसे आणि काही मुले. मुलगी घरी एकटी कशी ठेवावी, या काळजीपोटी अल्पवयातच तिचे लग्न लावून दिले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालविवाहाचे राज्याचे प्रमाण २१.९ टक्के आढळले, आणि मराठवाड्यातील अनेक जिल्हे त्याच्या बरेच वर आहेत. म्हणजे बालविवाह हा अंशतः सुरक्षेच्या अभावाचा परिणाम आहे. गाव सुरक्षित असते, तर बापाने घाई केली नसती.

येथे निवासी शाळा व वसतिगृहे यांचे महत्त्व ध्यानी येते. हंगामाच्या काळात मूल शाळेत सुरक्षित राहते, शिकते आणि लग्नाचे वय पुढे जाते. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. स्थलांतरित कुटुंबांची यादी, मागे राहिलेल्या वृद्धांची चौकशी आणि बंद घरांवर गस्तीची नजर ही कामे ग्रामसुरक्षा दलाने याच काळात करावयाची असतात.

दारूविषयीही गावाला अधिकार आहेत. परवानाधारक दुकान बंद करावयाचे असल्यास गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यावर मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘आडवी बाटली’ पसंत केल्यास दुकान बंद होते. अवैध दारूसाठी २०१६ च्या कायदेदुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. दलाने खबर द्यावयाची, कारवाई पोलिसांनी व उत्पादन शुल्क विभागाने करावयाची.

शेवटच्या घराची कसोटी

या सर्व साधनांची उपयुक्तता अखेर एका गोष्टीवर ठरते. गावाच्या टोकावरच्या घरातील, अल्पसंख्य जातीतील, भूमिहीन किंवा विधवा स्त्रीला रात्री अडचण आली, तर ती निःशंकपणे पोलीस पाटलाचे दार ठोठावू शकते काय? तिची तक्रार गावातील वजनदार माणसाविरुद्ध असली, तरी ती ऐकली जाते काय? गस्तीच्या दलात, तंटामुक्त समितीत, बाल संरक्षण समितीत प्रत्येक वस्तीची माणसे आहेत काय?

ठाण्यात तक्रार घेतली गेली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात ‘शून्य’ क्रमांकाने गुन्हा नोंदविता येतो आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते. जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यावी, असा नियम आहे. हे मार्ग वापरणे म्हणजे गावाची बदनामी करणे नव्हे. ज्या गावातून तक्रारी येतच नाहीत, ते गाव शांत असेलच असे नाही. तेथे तक्रार करण्याचीच सोय नसेल, अशीही शक्यता असते.

या स्मरणिकेचे वाचक प्रामुख्याने विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि पालक आहेत. निवासी शाळेतील विद्यार्थी अनेक गावांतून येतात व सुट्टीत आपापल्या गावी जातात. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावाचा एक नकाशा काढावा. त्यात उघड्या विहिरी, बंद दिवे, पुराचे पाणी येणारी जागा, एकट्या वृद्धांची घरे आणि दवाखान्याची वाट दाखवावी. खाली पोलीस पाटील, बीट अंमलदार, सरपंच, ग्रामसेवक व आशाताई यांची नावे आणि क्रमांक लिहावेत. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर व दुसरी आपल्या वस्तीतील समाजमंदिरात लावावी आणि ग्रामसभेत त्यावर चर्चा मागावी. पूर्वी ज्यांच्या पूर्वजांना वेशीबाहेर राहून गावाची राखण करावी लागली, त्यांच्या मुलांनी आता गावाच्या सभेत बसून, नकाशा समोर ठेवून, राखणीची पाळी सर्वांमध्ये वाटून मागावयाची आहे.